प्रेमळ मांजर कुठून आलं? पाळीव मांजराच्या जातींचा दीडशे वर्षांचा इतिहास

आजचा विषय ऐकून काहींना थोडं हसू येईल. गेल्या काही व्याख्यानांत आपण राज्यं, तह, बाजारपेठा असल्या भारदस्त गोष्टी पाहिल्या, आणि आज एकदम मांजर! पण विषय वाटतो तेवढा हलका नाही. "घरात लहान मुलं आहेत, आजी-आजोबा आहेत, तर प्रेमळ जातीचं मांजर कोणतं घ्यावं?" हा प्रश्न आज पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये, नागपूर-नाशिकमध्ये, अगदी तालुक्याच्या गावीही विचारला जातो. त्याचं उत्तरही तयार असतं. कोणी पर्शियन सांगतं, कोणी रॅगडॉल, कोणी सयामी. आपण आज उत्तराकडे थेट जाणार नाही, आधी प्रश्नाचा इतिहास बघू. कारण या एका वाक्यात दोन कल्पना आहेत. मांजराला 'जात' असते ही एक, आणि प्रेम हा त्या जातीचा गुण असतो ही दुसरी. या दोन्ही कल्पना फार जुन्या नाहीत. त्या कशा घडल्या हे कळलं, की निवड करणं सोपं जातं. निदान फसगत तरी टळते.

उंदरांसाठी ठेवलेलं जनावर

सायप्रस बेटावर शिलूरोकाम्बोस नावाचं एक प्राचीन वस्तीस्थान आहे. तिथे सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची एक कबर सापडली. माणसाच्या सांगाड्यापासून हातभर अंतरावर एक मांजर नीट पुरलेलं होतं. २००४ साली हा शोध प्रसिद्ध झाला. सायप्रसवर मुळात रानमांजर नव्हतं, म्हणजे माणसानंच ते होडीतून नेलं असलं पाहिजे. शेती सुरू झाली, धान्य साठवलं जाऊ लागलं, धान्यामागे उंदीर आले आणि उंदरांमागे मांजर आलं. हा क्रम आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे घरात कणगी होती, बळद होतं, तेव्हा मांजरही होतं. त्याला उरलेला दूध-भात मिळायचा. ते नेमकं कोणाचं, हे विचारायची गरज पडत नसे.

इथे कुत्र्यात आणि मांजरात एक मोठा फरक आहे. कुत्र्याकडून माणसाला निरनिराळी कामं हवी होती. राखण, शिकार, मेंढरं वळणं. त्यामुळे त्या त्या कामासाठी वेगळ्या घडणीची कुत्री हजारो वर्षं निवडली गेली. मांजराकडून एकच काम हवं होतं, आणि ते काम त्याला कोणी शिकवावं लागत नव्हतं. त्यामुळे माणसानं मांजराच्या पैदाशीत फारशी ढवळाढवळ केली नाही. बोका रात्री कुठल्या गच्चीवर जातो आणि भाटी कोणाची पिल्लं घालते, याचा हिशेब कोणी ठेवला नाही. आपल्या भाषेतलं मांजर आठवून बघा. डोळे मिटून दूध पिणारं, आडवं जाणारं, गळ्यात घंटा बांधायला कोणी धजत नाही असं. या मांजरावर माणसाचा ताबा कधीच नव्हता. लाडाची 'मनीमाऊ' होतीच, पण ती आपल्या मर्जीनं यायची आणि आपल्या मर्जीनं जायची.

इराणातून आलेले लांब केस

मग वेगळ्या मांजराची हौस कुठून आली? एक जुना धागा आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा रोमचा प्रवासी सतराव्या शतकात इराणात बरीच वर्षं राहिला. तिथल्या खोरासान प्रांतातल्या लांब, रेशमी केसांच्या राखाडी मांजरांचं त्यानं वर्णन केलं आणि काही जोड्या रोमला न्यायचा बेत आखला. अशी मांजरं पोर्तुगीज लोक इराणातून हिंदुस्थानात नेतात, असंही त्यानं लिहून ठेवलं. पुढे त्याची तरुण बायको इराणातच वारली. तिचं कलेवर मसाले भरून जपत तो सुरत, चौल करत १६२३ साली गोव्यात पोहोचला आणि शेवटी ते रोमला घेऊन गेला. म्हणजे 'पर्शियन मांजर' या शब्दामागची हौस कोकणपट्टीला चारशे वर्षांपूर्वीपासून ठाऊक असावी.

पण गंमत पुढेच आहे. २००८ साली निरनिराळ्या देशांतल्या मांजरांच्या डीएनएचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं, की आजचं पर्शियन मांजर आनुवंशिकदृष्ट्या पश्चिम युरोपातल्या साध्या मांजरांच्या जवळ बसतं. पश्चिम आशियातल्या मांजरांशी त्याचं जवळचं नातं दिसत नाही. नाव इराणचं, घडण मात्र इंग्लंड-अमेरिकेतली. जातीच्या नावातल्या देशावर किती विसंबायचं, याचा हा पहिला धडा.

१३ जुलै १८७१

जातींची खरी सुरुवात करायला एक तारीख देता येते. १३ जुलै १८७१ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांजरांचं मोठं प्रदर्शन भरलं. ते भरवलं हॅरिसन वीअर या चित्रकारानं. त्याचा हेतू चांगला होता. मांजर म्हणजे चोरटं, हलकं जनावर, अशी तेव्हा समजूत होती. लोकांनी मांजर नीट पाहिलं तर त्याला बरं वागवतील, असं त्याला वाटत होतं. दीडशेहून अधिक मांजरं आली आणि बघ्यांची झुंबड उडाली. त्या सुरुवातीच्या प्रदर्शनांत कष्टकरी माणसांच्या मांजरांसाठीसुद्धा वेगळा वर्ग असे. ही हौस फक्त श्रीमंतांची राहू नये, असा त्यामागे विचार होता.

पण बक्षीस द्यायचं म्हटलं की मोजमाप आलं. वीअरनं प्रत्येक प्रकारासाठी गुणांची यादी केली. रंग कसा, डोळे कसे, केस किती, डोकं केवढं. इथे आपण जरा थांबू, कारण आजच्या विषयाची मेख इथेच आहे. पिंजऱ्यात बसलेल्या मांजराचं परीक्षण करायचं तर डोळ्यांना दिसतं तेवढंच मोजता येतं. केसांची लांबी मोजता येते. मुलाच्या कुशीत ते कसं झोपतं, हे मोजता येत नाही. त्यामुळे जाती ठरल्या त्या रूपावरून. स्वभाव मागाहून येऊन चिकटला.

१८८७ साली नॅशनल कॅट क्लब स्थापन झाला आणि वीअर त्याचा पहिला अध्यक्ष झाला. काही वर्षांतच तो बाहेर पडला. सभासदांना मांजराच्या भल्यापेक्षा बक्षिसं प्यारी झाली आहेत, अशी त्याची तक्रार होती. ज्यानं खेळ मांडला, तोच पहिला नाराज झाला! पण खेळ थांबला नाही. १९०६ मध्ये अमेरिकेत आणि १९१० मध्ये ब्रिटनमध्ये मोठ्या नोंदणी संस्था उभ्या राहिल्या. वंशावळीचा कागद असलेलं मांजर आणि नसलेलं मांजर, असे दोन वर्ग पडले.

सयामी मांजराची गोष्ट थोडक्यात सांगतो. १८७१ च्या प्रदर्शनात काहींना ते भीतीदायक, विचित्र वाटलं होतं. १८८४ साली बँकॉकमधल्या ब्रिटिश वकिलातीतल्या एडवर्ड गूल्डनं एक जोडी लंडनला बहिणीकडे नेली आणि बघता बघता सयामी ही फॅशन झाली. 'हे मांजर बोलतं, माणसाच्या मागे मागे फिरतं' अशी ख्याती पसरली. स्वभाव हा जातीची ओळख ठरू लागला तो इथून.

चिंध्यांची बाहुली

आता आजच्या विषयाच्या गाभ्याकडे येऊ. केवळ प्रेमळपणासाठी प्रसिद्ध झालेली आणि नावातच स्वभाव असलेली जात म्हणजे रॅगडॉल. रॅगडॉल म्हणजे चिंध्यांची बाहुली. उचललं की अंग सैल सोडून हातात लोंबकळतं, म्हणून हे नाव.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइड गावात अ‍ॅन बेकर नावाच्या बाई मांजरांची पैदास करत. शेजारी जोसेफाइन नावाची एक पांढरी, लांब केसांची, अर्धवट रानटी भाटी होती. तिला मोटारीचा धक्का लागला. ती उपचारांनी वाचली. अपघातानंतर तिला झालेली पिल्लं मात्र विलक्षण शांत आणि माणसाळलेली निघाली, असं बेकरबाईंचं म्हणणं. त्यांनी त्यातली काही पिल्लं मिळवली, त्यांच्या आपसांत जोड्या लावल्या आणि निळ्या डोळ्यांची, मऊ केसांची, अंगापिंडानं मोठी अशी नवी जात उभी केली.

इथपर्यंत ठीक होतं. पण बेकरबाईंनी याचं जे कारण सांगितलं ते ऐका. अपघातानंतर प्रयोगशाळेत जोसेफाइनच्या शरीरात काही बदल केले गेले, आणि त्यामुळे तिच्या वंशाला वेदनाच होत नाहीत, असा त्यांचा दावा होता. पुढे पुढे तर परग्रहाशी संबंध असल्याच्या गोष्टीही त्यांनी सांगितल्या. यात तथ्य काहीच नाही. अपघातानं आईच्या शरीरात झालेला बदल पिल्लांत उतरत नाही. रॅगडॉलला इतर कुठल्याही मांजराइतकंच दुखतं.

मग पिल्लं शांत का निघाली? आज जे कळलं आहे त्यावरून अंदाज बांधता येतो. दोन साधी कारणं पुरेशी आहेत. पिल्लांच्या वडिलांकडून शांत स्वभाव आला असेल. आणि आधीची पिल्लं उघड्यावर वाढली, ही माणसांच्या हातांत वाढली असतील. चमत्काराची गरज नव्हती. पण मंडळी, बाजारात चमत्कार खपतो, साधं कारण खपत नाही.

बेकरबाई व्यवहारात पक्क्या होत्या. प्रस्थापित संस्थांकडे न जाता त्यांनी १९७१ साली स्वतःची संस्था काढली, रॅगडॉल या नावाचा ट्रेडमार्क घेतला आणि ज्यांना पैदास करायची त्यांच्याशी करार केले. अटी त्यांच्या, आणि विकलेल्या पिल्लांमागे रॉयल्टीही त्यांची. एखाद्या हॉटेलच्या शाखा द्याव्यात तशी ही मांजराची शाखा. जगाच्या इतिहासात प्रेमळपणाचा ट्रेडमार्क घेतल्याचं दुसरं उदाहरण शोधून सापडणं कठीण. डेनी आणि लॉरा डेटन हे जोडपं त्यांच्याकडूनच मांजरं घेऊन गेलेलं. १९७५ च्या सुमारास ते वेगळे झाले. त्यांनी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी नीट नोंदी ठेवल्या, परग्रहाच्या गोष्टी बाजूला सारल्या आणि ही जात मोठ्या संस्थांकडून मान्य करून घेतली. १९९४ मध्ये आणखी एक गट फुटला. नाव वापरता येईना, म्हणून त्यांनी आपल्या मांजरांना 'रॅगामफिन' असं नवं नाव दिलं. म्हणजे एकाच वंशाच्या दोन जाती झाल्या, आणि त्यात मांजरांपेक्षा ट्रेडमार्कचा वाटा मोठा होता!

'वेदना होत नाहीत' या थापेचा परिणाम काय होत असेल, याचा विचार करा. आईबाप मुलाच्या हातात मांजर देतात आणि सांगतात, कसंही उचल, त्याला काही होत नाही. मांजर ओरबाडत नाही, कारण स्वभाव शांत. पण त्याला दुखत असतं. जे प्राणी तक्रार करत नाहीत त्यांच्याकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. आपण नेमकं उलट करतो.

रूपाची किंमत कोण मोजतं?

बाहुलीसारखं दिसावं या हौसेची किंमत इतर जातींनीही मोजली आहे. पर्शियनचं तोंड विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चपटं होत गेलं. परीक्षकांना ते आवडत गेलं, तसं ते आणखी चपटं झालं. चपट्या तोंडामुळे श्वास कोंडतो, डोळ्यांतून सतत पाणी येतं, दात वेडेवाकडे होतात. त्यातच मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आनुवंशिक आजार या जातीत इतका पसरला, की बऱ्याच देशांतल्या तपासण्यांत तीनातल्या एका पर्शियनला तो आढळला. २००४ साली त्याचं जनुक सापडलं, तेव्हापासून साध्या चाचणीनं तो पैदाशीतून वगळता येतो. आपल्याकडच्या बाजारात मात्र आजही 'डॉल फेस', 'पंच फेस' असे भाव पुकारले जातात आणि तोंड जितकं चपटं, तितकी किंमत चढते. वर दाट केस आणि आपला एप्रिल-मे. रोज विंचरायला वेळ नसेल, तर त्या केसांच्या जटा होतात.

दुसरं उदाहरण स्कॉटिश फोल्डचं. १९६१ साली स्कॉटलंडमधल्या एका शेतावर सूझी नावाचं मांजर दिसलं. तिचे कान पुढे दुमडलेले होते. त्यामुळे चेहरा गोल, निरागस, घुबडासारखा दिसायचा. लोक हरखले. पण कान दुमडतात ते कूर्चा सदोष असते म्हणून, आणि कूर्चा काही फक्त कानातच नसते. ती सांध्यांतही असते. या मांजरांना सांधे आखडण्याचा वेदनादायक आजार होतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ब्रिटनच्या नोंदणी संस्थेनं या जातीची नोंदणी थांबवली. आता नेदरलँड्समध्ये आणि बेल्जियमच्या फ्लँडर्समध्ये पैदाशीवरच बंदी आहे. तरी जगभर मागणी आहे, कारण फोटोत हे मांजर फार गोड दिसतं. ते उड्या मारत नाही, एका जागी शांत बसून राहतं. ते शांत स्वभावाचं म्हणून बसतं की सांधे दुखतात म्हणून, हा प्रश्न विकत घेणाऱ्याच्या मनात येत नाही.

रॅगडॉलही सुटलेलं नाही. मोजक्या मांजरांपासून जात वाढली, त्यामुळे हृदयाचा स्नायू जाड होण्याचा एक आनुवंशिक आजार त्यात आढळतो. २००७ साली त्याचं जनुक ओळखलं गेलं. त्याचीही चाचणी करता येते.

प्रेमळपणा जातीत असतो का?

आता तुम्ही विचाराल, की मग जातीचा आणि स्वभावाचा काहीच संबंध नाही का? आहे. पण विकणारे सांगतात तेवढा नाही. २०१९ साली हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी साडेपाच हजारांहून अधिक मांजरांची माहिती त्यांच्या मालकांकडून प्रश्नावलीनं गोळा केली. मांजरामांजरांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असतो, असं त्यांना आढळलं. माणसाशी सलगी टाळण्यात ब्रिटिश शॉर्टहेअर पुढे होतं. टेडी बेअरसारखं गुबगुबीत दिसणारं मांजर हेच! सलगी करण्यात थायलंडचं कोराट आणि कुरळ्या केसांचं डेव्हन रेक्स पुढे होतं. दिसणं आणि असणं यांत किती अंतर असतं बघा.

उरलेला निम्मा भाग कुठून येतो? अमेरिकेतल्या टेंपल विद्यापीठात आयलीन कार्श यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं, की पिल्लाच्या वयाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला, तर ते पुढे माणसाला कमी घाबरतं आणि जास्त माणसाळलेलं होतं. त्याच दशकात आणि पुढच्या दशकात झालेल्या अभ्यासांतून दुसरीही गोष्ट पुढे आली. ज्या बोक्याला पिल्लांनी कधी पाहिलंही नाही, त्या बोक्याचा स्वभाव पिल्लांत उतरतो. बाप धीट आणि मनमिळाऊ, तर पिल्लं नव्या माणसापुढे पुढे येतात. जोसेफाइनच्या पिल्लांचं कोडं इथे बरंचसं उलगडतं.

मग कुटुंबानं काय करावं?

इतिहास सांगायला आलो आहोत, सल्ला द्यायला नाही. पण या इतिहासातून काही गोष्टी सरळ निघतात, त्या सांगितल्याशिवाय उठणं बरं नाही.

एक, जातीचं नाव विचारण्याआधी आई कुठे आहे ते विचारावं. आईला आणि जमल्यास बोक्याला भेटावं. आई जवळ येत नसेल, विकणारा पिंजऱ्यातलं एकटं पिल्लू दाखवत असेल आणि आई दाखवायची टाळाटाळ करत असेल, तर मागे फिरावं. दोन, पिल्लू पहिले दोन महिने कुठे वाढलं, घरातल्या माणसांत की बंद खोलीत, हे वंशावळीच्या कागदाइतकंच महत्त्वाचं आहे. ब्रिटनच्या संस्थेचा दंडक तेरा आठवड्यांचा आहे. त्याआधी पिल्लू आईपासून तोडू नये. आपल्याकडे मुठीत मावणारं पिल्लू गोड वाटतं, म्हणून फार लवकर उचललं जातं. तीन, पर्शियन घेणार असाल तर मूत्रपिंडाची आणि रॅगडॉल घेणार असाल तर हृदयाची जनुकचाचणी आईबापांची झाली आहे का, ते कागदावर पाहावं. चार, तोंड जितकं चपटं तितकं चांगलं, हा हिशेब सोडून द्यावा. दुमडलेल्या कानांचं मांजर तर घेऊच नये. मागणी थांबली, की पैदास थांबते.

आणि पाचवी गोष्ट. सोसायटीच्या जिन्याखाली, मंडईत, गोदामात जी आपली साधी मांजरं जन्मतात, त्यांच्या वंशावळीचा कागद नाही, पण त्यांच्यामागे हजारो वर्षांची निरोगी निवड आहे. योग्य आठवड्यांत माणसाचा हात लागलेलं असं पिल्लू कुठल्याही ट्रेडमार्कवाल्या मांजराइतकंच कुशीत येऊन झोपतं. कार्श यांचा निष्कर्ष कागद असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही मांजरांना लागू आहे.

हॅरिसन वीअरला हवं होतं, की माणसानं मांजराला नीट वागवावं. दीडशे वर्षांत आपण त्याच्या यादीतले रंग, केस आणि डोळे जपले, आणि मूळ हेतू बाजूला राहिला. प्रेमळ मांजर हवं ही इच्छा वाईट नाही. फक्त ते प्रेम आपण मांजराच्या जातीत शोधतो, आणि त्यातला निम्मा वाटा आपल्याच हातांत असतो. लहान वयात त्याच्यावरून फिरलेल्या हातांत. पिल्लू आणायला जाताना ही एक गोष्ट लक्षात राहिली, तरी आजचं व्याख्यान कारणी लागलं असं आम्ही समजू.